मानवी हक्क आयोगाकडे तक्रार: पहिल्या पानापासून पोलिसांच्या अहवालाला उत्तर देईपर्यंत

मानवी हक्क आयोगाकडे अर्ज करायला वकील लागत नाही आणि फीही नाही. कोर्ट फी स्टॅम्पचीही गरज नसते. साध्या कागदावर, मराठीत, हाताने लिहिलेला अर्ज चालतो. तरीही कितीतरी खरे अर्ज पहिल्याच टप्प्यावर निकाली निघतात आणि माणूस म्हणतो, ‘आयोगाने काही केले नाही’. आयोग कागदावर चालतो. कागदावर काय असायला हवे, कधी आणि कोणाच्या नावाने, हे आधी कळले तर अर्ज टिकतो. म्हणून पुढची सगळी मांडणी कागदांच्या अंगाने केली आहे.

राष्ट्रीय मानवी हक्क आयोग १२ ऑक्टोबर १९९३ रोजी स्थापन झाला, मानवी हक्क संरक्षण अधिनियम १९९३ खाली. याच कायद्याखाली महाराष्ट्राचा राज्य आयोग मुंबईत आणि गोव्याचा पणजीत आहे. साक्षीदार बोलावणे, कागदपत्रे मागवणे, प्रतिज्ञापत्रावर पुरावा घेणे यांबाबत आयोगाला कलम १३ नुसार दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. शिक्षा मात्र आयोग देत नाही. तो चौकशी करतो आणि सरकारला शिफारस करतो: भरपाई द्या, खटला भरा, शिस्तभंगाची कारवाई करा.

तक्रार आयोगात बसते का?

लिहायला बसण्यापूर्वी तीन गोष्टी तपासा.

पहिली, समोर लोकसेवक आहे का. पोलीस, तुरुंग प्रशासन, सरकारी किंवा महापालिकेचे रुग्णालय, शासकीय वसतिगृह, आश्रमशाळा, तहसील, ग्रामपंचायत यांच्या कृतीबद्दल किंवा हलगर्जीबद्दल तक्रार चालते. शेजाऱ्याने मारले, भावाने जमीन बळकावली, कंपनीने पगार थकवला, याबद्दल थेट चालत नाही. पण इथेच एक दार आहे आणि ते बहुतेकांच्या लक्षात येत नाही. लोकसेवकाने हक्कभंग रोखण्यात केलेला निष्काळजीपणाही कायद्यात स्पष्टपणे धरला आहे. सार्वजनिक विहिरीवर जातीवरून पाणी भरू दिले नाही, ही गावकऱ्यांची कृती झाली. त्याची फिर्याद घेऊन गेल्यावर पोलीस ठाण्याने गुन्हा नोंदवला नाही, ही लोकसेवकाची कृती झाली, आणि आयोगाकडचा अर्ज या दुसऱ्या गोष्टीवर उभा राहतो. तो लिहिताना संविधानाचे कलम १७, म्हणजे अस्पृश्यतेला बंदी, आणि ॲट्रॉसिटी कायद्याचे कलम ४, म्हणजे कर्तव्यात कसूर करणाऱ्या लोकसेवकाला शिक्षा, या दोन्हींचा उल्लेख करावा.

दुसरी, कोणता हक्क मोडला. कायद्याची व्याख्या जीवित, स्वातंत्र्य, समता आणि प्रतिष्ठा या चार शब्दांवर उभी आहे. आपली घटना यांतल्या कोणत्या शब्दाखाली येते ते एका वाक्यात लिहिता आले पाहिजे. बदली, बढती, पेन्शनची आकडेमोड, सातबाऱ्यावरची नोंद या गोष्टी सहसा स्वीकारल्या जात नाहीत.

तिसरी, तारीख. मानवी हक्क संरक्षण अधिनियमाच्या कलम ३६(२) नुसार घटनेपासून एक वर्ष उलटल्यावर आयोग चौकशी करू शकत नाही. ५ मार्च २०२५ ची घटना असेल तर ५ मार्च २०२६ पूर्वी अर्ज आयोगात पोचलेला हवा. ‘अन्याय अजून चालूच आहे’ हा युक्तिवाद दर वेळी टिकत नाही. बेकायदा डांबून ठेवलेल्या माणसाची सुटका झाली की ती घटना तिथे संपते, असे सर्वोच्च न्यायालयाने एन. सी. धौंडियाल प्रकरणात २००३ च्या अखेरीस म्हटले आहे. खात्यांतर्गत चौकशीचा निकाल लागेपर्यंत थांबणारे लोक याच ठिकाणी अडकतात. ती चौकशी चालू असली तरी आयोगाचे घड्याळ थांबत नाही.

घटना न्यायालयात प्रलंबित असेल तर आयोग सहसा हात घालत नाही. पण ‘केस चालू आहे’ याचा नेमका अर्थ पाहा. मुलावर चोरीचा खटला चालू आहे आणि त्याला कोठडीत मारहाण झाली, हे दोन वेगळे विषय आहेत. अर्जात तसे स्पष्ट लिहा: ‘चोरीच्या खटल्याबद्दल या अर्जात काहीही मागणे नाही, मारहाणीबाबत कोणत्याही न्यायालयात कार्यवाही प्रलंबित नाही.’ अर्थात तसे खरोखर असेल तरच.

दिल्ली की मुंबई?

राज्य पोलीस, जिल्हा परिषद, महापालिका, राज्याचे तुरुंग यांच्याविरुद्ध राज्य आयोगाकडे जाणे सोयीचे: मराठीत कामकाज, आणि सुनावणी लागली तर मुंबईतच. रेल्वे, बंदरे, केंद्र सरकारची कार्यालये यांच्याविरुद्ध राष्ट्रीय आयोग. सैन्यदले आणि केंद्रीय राखीव पोलीस दल किंवा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल यांसारखी केंद्राची सशस्त्र दले यांच्याबाबत फक्त राष्ट्रीय आयोग, आणि तिथेही कलम १९ ची मर्यादा लागते: आयोग केंद्राकडून अहवाल मागवतो, त्यावर शिफारस करतो, आणि केंद्राने तीन महिन्यांत काय केले ते कळवायचे असते.

राज्य पोलिसांबद्दलची तक्रार दिल्लीलाही करता येते, पण एकच विषय दोन्हीकडे पाठवू नका. कलम ३६(१) नुसार एका आयोगापुढे प्रलंबित असलेला विषय राष्ट्रीय आयोग घेत नाही, आणि दिल्लीने आधीच हाती घेतलेल्या विषयात राज्य आयोग उतरत नाही. महिला आयोग, अनुसूचित जाती आयोग, बालहक्क आयोग यांनाही हेच लागू. दोन्हीकडे अर्ज टाकून बसलेल्या माणसाला दोन्हीकडून ‘दुसरीकडे प्रलंबित’ असे उत्तर येते. कोणाकडे जायचे ते आधी ठरवा आणि तिथेच पाठपुरावा करा.

माणूस आत्ता या क्षणी बेकायदा कोठडीत असेल तर आयोगाच्या उत्तराची वाट पाहत बसू नका. उच्च न्यायालयात बंदी प्रत्यक्षीकरणाची याचिका, म्हणजे त्या माणसाला न्यायालयापुढे हजर करा असे मागणारी याचिका, हा त्यावरचा उपाय आहे. महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कोठडीतील व्यक्ती यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्यांचा टोल फ्री क्रमांक १५१०० आहे.

पुरावा: पहिले दोन-चार दिवस

पुरावा अर्जाच्या आधी गोळा होतो. नंतर तो मिळत नाही.

जखम असेल तर सरकारी रुग्णालयात जा आणि डॉक्टरला मार कसा लागला ते स्पष्ट सांगा. ‘पडलो’ असे भीतीने सांगितले की केस पेपरवर तेच चढते, आणि पुढे पोलिसांच्या अहवालात तोच केस पेपर तुमच्याविरुद्ध वापरला जातो. अटकेतल्या व्यक्तीची वैद्यकीय तपासणी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३ नुसार व्हायलाच हवी. त्या नोंदीत जखमा आणि त्या अंदाजे कधी झाल्या हे लिहायचे असते, आणि तिची प्रत अटक झालेल्या व्यक्तीला किंवा तिने सांगितलेल्या माणसाला द्यायची असते. ही प्रत लेखी मागा. रिमांडला उभे केल्यावर मारहाण झाल्याचे दंडाधिकाऱ्यांना तोंडी सांगितले तरी त्याची नोंद करण्याची विनंती करता येते. न्यायालयाच्या कागदावर आलेल्या नोंदीइतका भक्कम पुरावा दुसरा नाही.

जखमांचे फोटो एकदाच काढून थांबू नका. वळांचा रंग तीन-चार दिवस बदलत जातो, म्हणून रोज एक संच काढा: एक फोटो चेहरा दिसेल असा लांबून, एक जखमेचा जवळून, शेजारी मोजपट्टी किंवा नाणे ठेवून. मूळ फाइल फोनमधून पुसू नका. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेली प्रत दबते आणि तारीख-वेळेची माहिती निघून जाते. पाठवायचीच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

पोलीस ठाण्यातली घटना असेल तर सीसीटीव्ही. परमवीर सिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे बसवण्याचा आदेश दिला: प्रवेशद्वार, कोठड्या, व्हरांडे, लॉबी, अधिकाऱ्यांच्या खोल्या, सगळीकडे. चित्रण १८ महिने, आणि कोणत्याही परिस्थितीत एक वर्षापेक्षा कमी नाही, इतके जपायचे. राज्य मानवी हक्क आयोग हे चित्रण मागवू शकतो, हेही त्याच निकालात आहे. म्हणून घटनेनंतर लगेच पोलीस अधीक्षकांच्या किंवा आयुक्तांच्या आवक-जावक शाखेत एक पत्र द्या. त्यात ठाण्याचे नाव, तारीख, किती ते किती वाजेपर्यंतचे चित्रण, आणि ‘हे चित्रण नष्ट होऊ देऊ नये’ एवढेच असावे. पोच घ्या, म्हणजे दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक. पुढे ‘कॅमेरा बंद होता’ असे उत्तर आले तर ही पोचच बोलते.

माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर ठाणे दैनंदिनीतील (ठाण्यातल्या रोजच्या घडामोडींच्या नोंदवहीतील) नोंदी, अटकेचा पंचनामा, वैद्यकीय तपासणीसाठी पाठवल्याचे पत्र मागता येते. उत्तर ३० दिवसांत; जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत. पण या उत्तरासाठी आयोगाचा अर्ज अडवून ठेवू नका. कागद नंतर जोडता येतात.

अर्जाचे पहिले पान

आयोगात रोज शेकडोंनी कागद येतात. तुमचा विषय पहिल्या पानावर कळला नाही तर पाचव्या पानावरची खरी गोष्ट वाचली जाईलच याची खात्री नाही. म्हणून पार्श्वभूमीने सुरुवात करू नका. ‘आमचे कुटुंब तीन पिढ्यांपासून’ हे वाक्य शेवटी गेले तरी चालेल.

पहिल्या पानावर या क्रमाने लिहा: पीडिताचे पूर्ण नाव, वय, पत्ता, फोन, तक्रारदार वेगळा असेल तर त्याचे नाते, घटनेची तारीख, वेळ, ठिकाण, तालुका, जिल्हा, ज्या लोकसेवकांविरुद्ध तक्रार आहे त्यांचे नाव किंवा नाव माहीत नसेल तर पद आणि नेमणुकीचे ठिकाण. मग घटना, दहा-बारा वाक्यांत. नमुना असा:

‘दि. १२ जानेवारी रोजी सायंकाळी ७ च्या सुमारास अमुक पोलीस ठाण्याचे उपनिरीक्षक व दोन अंमलदार यांनी माझ्या मुलास राहत्या घरातून नेले. अटकेचे कारण सांगितले नाही. नातेवाइकांना लेखी कळवले नाही. दि. १४ जानेवारी रोजी दुपारी ३ वाजता, म्हणजे ४४ तासांनी, त्यास न्यायालयात हजर केले. त्या वेळी उजव्या पायाला सूज व पाठीवर वळ होते. न्यायालयाच्या आदेशाने उपजिल्हा रुग्णालयात तपासणी झाली. अहवाल परिशिष्ट २.’

या सहा ओळींत संविधानाच्या कलम २२ ची २४ तासांची मर्यादा मोडल्याचे कोणालाही दिसते. विशेषण एकही नाही. ‘अमानुष’, ‘राक्षसी’, ‘गुंड प्रवृत्तीचे’ हे शब्द मनात कितीही खरे असले तरी अर्जाचे वजन वाढवत नाहीत. तासांचा हिशेब वाढवतो. आणि जे डोळ्यांनी पाहिले नाही ते ‘मुलाने सांगितल्याप्रमाणे’ असे लिहा. एका ठिकाणी अतिशयोक्ती सापडली की सगळा अर्ज संशयात जातो.

त्यानंतर मागणी. ‘न्याय मिळावा’ ही मागणी नव्हे. काय हवे ते क्रमांक घालून लिहा: सीसीटीव्ही चित्रण व ठाणे दैनंदिनी मागवावी, चौकशी त्या ठाण्याबाहेरच्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडून किंवा आयोगाच्या तपास विभागाकडून व्हावी, वैद्यकीय खर्चासाठी कलम १८ खाली तातडीची अंतरिम मदत द्यावी, भरपाईची शिफारस करावी, दोषींवर गुन्हा नोंदवण्याची शिफारस करावी. आयोगाच्या तपास विभागातही पोलीस अधिकारीच असतात, हे लक्षात ठेवा आणि स्वतःचे पुरावे स्वतःच जोडा.

शेवटी एक परिच्छेद: ‘हा विषय कोणत्याही न्यायालयात किंवा अन्य आयोगापुढे प्रलंबित नाही.’ सही, तारीख. निनावी किंवा खोट्या नावाचा अर्ज चालत नाही. सूडाची भीती असेल तर ते अर्जातच लिहून नाव जाहीर न करण्याची विनंती करा.

एक चूक महाराष्ट्रात सर्रास होते. मुख्यमंत्री किंवा जिल्हाधिकारी यांच्या नावे अर्ज लिहायचा आणि खाली ‘प्रत माहितीसाठी: मानवी हक्क आयोग’ असे टाकायचे. दुसऱ्या कार्यालयाला लिहिलेल्या अर्जाची प्रत आयोग तक्रार म्हणून घेत नाही. ‘प्रति, मा. अध्यक्ष, महाराष्ट्र राज्य मानवी हक्क आयोग’ अशी सुरुवात असलेला, मूळ सहीचा, वेगळा अर्ज हवा.

पाठवणे

मुंबईचा पत्ता: ९, हजारीमल सोमाणी मार्ग, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर, मुंबई ४००००१. दिल्लीचा: मानव अधिकार भवन, सी ब्लॉक, जीपीओ संकुल, आयएनए, नवी दिल्ली ११००२३. टपालाने पाठवताना स्पीड पोस्टची पावती जपून ठेवा आणि वितरणाची नोंद छापून घ्या. राष्ट्रीय आयोगाकडे एचआरसीनेट पोर्टलवरून ऑनलाइन अर्जही करता येतो. मदतीसाठी १४४३३ हा टोल फ्री क्रमांक आहे. दिल्लीला मराठीत लिहिण्याचा हक्क आहे, कारण आठव्या अनुसूचीतील कोणतीही भाषा चालते. तरीही एका पानाचा हिंदी किंवा इंग्रजी सारांश जोडावा, भाषांतरात जाणारा वेळ वाचतो. मूळ कागद कधीही पाठवू नका. प्रती पाठवा, पानांना सलग क्रमांक घाला.

आधी डायरी क्रमांक मिळतो, मग प्रकरण क्रमांक. राष्ट्रीय आयोगाच्या प्रकरण क्रमांकात अनुक्रमांक, राज्याचा संकेतांक, जिल्ह्याचा संकेतांक आणि वर्ष असते. पुढच्या प्रत्येक पत्रावर हा क्रमांक सगळ्यात वर लिहा. क्रमांकाशिवाय आलेले पत्र नवी तक्रार म्हणून नोंदले जाऊ शकते आणि दोन फायली होतात.

नंतर काय घडते

चार शक्यता. प्रकरण फेटाळले जाते. राज्य आयोगाकडे वर्ग होते. ‘योग्य ती कारवाई करावी’ असे निर्देश देऊन संबंधित अधिकाऱ्याकडे पाठवून निकाली काढले जाते. किंवा नोटीस निघते.

तिसऱ्या शक्यतेत लोक निराश होऊन सोडून देतात, आणि ते चूक आहे. अशा आदेशात साधारणपणे आठ आठवड्यांत कारवाई करून तक्रारदाराला सहभागी करून घ्या व कळवा असे म्हटलेले असते. त्या आदेशाची प्रत घेऊन पोलीस अधीक्षकांकडे स्वतः जा, लेखी जबाब द्या, पोच घ्या. मुदत संपल्यावर काहीच झाले नसेल तर त्याच प्रकरण क्रमांकावर आयोगाला कळवा.

नोटीस निघाली तर बहुधा चार आठवड्यांत अहवाल मागवला जातो. अहवाल आला नाही तर आयोग स्मरणपत्र काढतो, मग कलम १३ खाली समन्स काढून अधिकाऱ्याला हजर राहायला सांगू शकतो.

याच काळात पोलीस जबाब घ्यायला घरी येतात. जबाब वाचल्याशिवाय सही करू नका, कोऱ्या कागदावर तर मुळीच नाही. ‘माझी आता कोणाविरुद्ध तक्रार नाही’ हे एक वाक्य शेवटी घुसलेले असते आणि त्यावर फाइल बंद होते. दबाव आला तर त्याच दिवशी आयोगाला तारीख-वेळेसह पत्र पाठवा.

अहवालाला प्रत्युत्तर

प्रकरण जिंकायचे किंवा हरायचे ते इथे. अहवाल आला की आयोग तो तक्रारदाराकडे म्हणणे मांडण्यासाठी पाठवतो, सहसा चार आठवड्यांची मुदत देऊन. उत्तर गेले नाही तर तक्रारदाराला काही सांगायचे नाही असे धरले जाते. पत्ता बदलला, फोन बदलला, पत्र परत गेले, या क्षुल्लक कारणांनी खरी प्रकरणे बंद पडतात. म्हणून पत्ता बदलताच कळवा.

प्रत्युत्तर लिहिताना अहवालाचा परिच्छेद क्रमांक घ्या आणि त्यासमोर उत्तर व पुरावा लिहा. मूळ कहाणी पुन्हा सांगू नका. अहवालात नेहमी भेटणारी विधाने ठरलेली असतात. ‘चौकशीसाठी बोलावले होते, अटक नव्हती’: मग ४४ तास ठाण्यात काय करत होता, दैनंदिनीत येण्या-जाण्याची नोंद कुठे आहे, असे विचारा. ‘पळताना पडून जखम झाली’: पाठीवरचे समांतर वळ पडल्याने होतात का, याबद्दल वैद्यकीय मत मागा. ‘तक्रारदार गुन्हेगारी पार्श्वभूमीचा आहे’: पूर्वीचे गुन्हे मारहाणीचे समर्थन ठरत नाहीत, कोठडीतल्या प्रत्येकाला संविधानाच्या कलम २१ चे, म्हणजे जीविताच्या हक्काचे, संरक्षण आहे. ‘सीसीटीव्ही नादुरुस्त’: तुमच्या पत्राची पोच आणि २०२० चा निकाल. आणि चौकशी करणारा अधिकारी त्याच ठाण्याचा असेल तर तेवढ्या एका मुद्द्यावर स्वतंत्र आक्षेप घ्या.

कोठडीतील मृत्यू

इथे तक्रारीची वाटही पाहायची नसते. राष्ट्रीय आयोगाच्या डिसेंबर १९९३ च्या निर्देशानुसार पोलीस किंवा न्यायालयीन कोठडीतील मृत्यू २४ तासांच्या आत आयोगाला कळवणे प्रशासनावर बंधनकारक आहे. १९९५ पासून शवविच्छेदनाचे चित्रीकरण करण्याचे निर्देश आहेत. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ नुसार दंडाधिकाऱ्याची चौकशीही व्हावी लागते. कुटुंबाने तीन कागद लेखी मागावेत: शवविच्छेदन अहवाल, चित्रीकरणाची प्रत, आणि इन्क्वेस्ट पंचनामा, म्हणजे मृतदेहाचा पंचनामा. पंचनाम्याच्या वेळी नातेवाइकाने हजर राहून जखमा स्वतः पाहाव्यात, आणि नोंदीत न आलेली जखम सहीच्या वर हाताने लिहावी.

गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवलेल्या कामगाराचा मृत्यू हाही समतेचा आणि जीविताचा प्रश्न आहे, आणि नगरपालिकेचे काम खासगी ठेकेदाराकडे होते म्हणून ती सुटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ रोजी अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली आणि कायमच्या अपंगत्वासाठी २० लाख ठरवले. अर्जात हा आकडा आणि तारीख लिहा. कामाचा ठेका कोणी दिला ते दाखवणारा वर्क ऑर्डर माहिती अधिकारात मागवा.

शिफारस झाल्यावर

हक्कभंग सिद्ध वाटला तर आयोग सरकारला कारणे दाखवा नोटीस देतो: भरपाईची शिफारस का करू नये? त्यानंतर शिफारस. कलम १८ नुसार सरकारने साधारण एक महिन्यात आपले म्हणणे व केलेली कारवाई कळवायची असते. शिफारशी बंधनकारक आहेत का, यावर न्यायालयांत वाद झाले आहेत. मद्रास उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२१ मध्ये राज्य आयोगाच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक ठरवल्या. सरकार दाद देत नसेल तर आयोग स्वतः उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयात जाऊ शकतो, आणि पीडितही रिट याचिका करू शकतो.

पैसे अडकण्याचे सगळ्यात साधे कारण बँकेचे असते. शिफारशीची प्रत मिळताच गृह विभाग आणि पोलीस अधीक्षक या दोघांना पत्र द्या: खातेदाराचे नाव आधारवर आहे तसेच, खाते क्रमांक, आयएफएससी, पासबुकच्या पहिल्या पानाची प्रत. पीडित हयात नसेल तर वारसांची यादी आणि सगळ्या वारसांची संमती आधीच तयार ठेवा. रक्कम जमा झाल्याची पावती सरकारकडून आयोगाला जाते, आणि ती पाहून फाइल बंद होते. म्हणून रक्कम कमी आली किंवा भलत्याच खात्यात गेली तर त्याच आठवड्यात, प्रकरण क्रमांक वर लिहून, आयोगाला कळवा.